सासऱ्यांच्या भिंतीवरचं शिंग

दादा,

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारातल्या चटया कमी पडल्या, इतकी माणसं आली. स्टील प्लांटमधले तुझे जुने सोबती, कुम्हारीच्या हायवेवरचे भंगारवाले, दोन हॉटेलांचे आचारी, आणि सुपेल्याची ती भाजीवाली, जी तुझ्या हातची सुरी कंबरेला खोचून फिरते. भंतेजींनी पंचशील सुरू केलं. पहिल्या शीलाला माझा आवाज बसला आणि चौथ्याला तर गेलाच. पहिलं जीव न घेण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं. बाजूच्या बायकांना वाटलं, धाकटी बहीण आहे, रडू आलं असेल. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

तू असतास तर म्हणाला असतास, "कुंदे, लिहाले बसली का निरा नागपूरची मास्तरीण होते तू." होते खरी. तोंडानं आपलं मले-तुले, आणि कागद समोर आला की पुस्तकातली भाषा. आजही तशीच लिहिते, कारण आपल्या बोलीत लिहायला घेतलं तर दुसऱ्या ओळीपर्यंत पोचणार नाही. आणि मला पोचायचंय. ते शिंग, दादा. त्या शिंगाबद्दल सांगायचंय.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून तू कुम्हारीला दोन खोल्या बांधल्यास आणि मागे टिनाचं शेड टाकलंस. फोर्ज शॉपमध्ये जन्मभर लोखंड ठोकूनही तुझं मन भरलं नव्हतं. ट्रकच्या कमानीचे पट्टे, झिजलेल्या कानशी, असलं काहीबाही भंगारातून उचलून आणायचास आणि त्याच्या सुऱ्या करायचास. मुठीला सागवान, शिसम, नाहीतर म्हशीचं शिंग. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा हात बघायचास. पंजा कागदावर ठेवायला लावून भोवती पेन्सिल फिरवायचास. एकदा माझाही पंजा काढलास. मी म्हटलं, "मी कुठं सुरी मागतली?" तर म्हणालास, "राहू दे ना वं, कधी कामी येईन." तेव्हाच मी तुला चिडवलं होतं, की सकाळी पंचशील म्हणतोस आणि दिवसभर सुऱ्यांना धार लावतोस. तू मान वर न करता म्हणालास, "मी काय कोनाच्या मानेसाठी करून राहिलो का? कांद्यासाठी करून राहिलो." तो वाद आपला कधी संपलाच नाही. माझ्याकडे अजून दोन-तीन चांगले मुद्दे शिल्लक होते.

मग वहिनीची बोटं वाकायला लागली. संधिवात. कांदा कापता कापता सुरी हातातून निसटायची, आणि एकदा तर तळव्यात चांगलीच घुसली. तू जाड मूठ करून पाहिलीस, चपटी केलीस, मधे खाच मारलीस. कोरड्या हातात सगळ्या बसायच्या, हात ओला झाला की सगळ्या फसायच्या. तेव्हा तुला तुझ्या पहिल्या फोरमनची सुरी आठवली. त्यानं नवीन नोकरीत एकदा तुझ्या हातात दिलेली, सांबराच्या शिंगाची मूठ असलेली. किती वर्षांपूर्वीची गोष्ट, पण सांगताना तुझी मूठ आपोआप वळायची. "म्हशीचं शिंग गुळगुळीत राहते कुंदे. हे वरून झाडाच्या सालीवानी. तेलाच्या हातातूनही सुटत नाही."

पण तुझी अट होती. मारलेल्या जनावराचं नको, आपोआप गळून पडलेलं पाहिजे. सांबर दरवर्षी शिंगं टाकतं, पुन्हा नवी येतात, हे मला तूच सांगितलंस. ओळखायचं कसं तेही सांगितलंस. गळलेल्या शिंगाचं बूड खडबडीत आणि थोडं फुगीर असतं, आणि मारून काढलेल्याच्या बुडाला कवटीचं हाड चिकटलेलं असतं किंवा करवतीची खूण असते. मी भाजी निवडत ऐकत होते. ते सगळं मी किती नीट ऐकत होते, हे तुला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

दीड-दोन वर्षं तू विचारत फिरलास. शेवटी कोणीतरी म्हणालं, वनविभागाच्या ऑफिसात जाऊन विचारा, म्हणून चांगला इस्त्रीचा शर्ट घालून गेलास. तिथल्या बाबूनं सांगितलं, "चाचाजी, गिरा हुआ भी नहीं उठा सकते. जंगल का है, जंगल में रहेगा. खरीदना-बेचना तो भूल ही जाओ." मला वाटलं, तू चिडून येशील. तू तर हसत आलास. "अवं, गळलेलं शिंग साळिंदर खाते म्हणते तो. दातानं कुरतडते. म्हणजे कोनाच्या तरी तोंडातला घास हाये तो. आपण कावून ओढाचा?" आणि विषय संपवलास. पुन्हा कोणाला विचारलं नाहीस.

तुझा संपला, माझा नाही संपला. मला वाटलं, जन्मभर दादानं माझ्यासाठी धावाधाव केली, मी त्याला एक हातभर शिंग आणून देऊ शकत नाही? कायदा काय, तो तर पेपरात असतो. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा मोठ्या ऐटीत स्वतःशी बोलले होते. आणि खरं सांगू? त्यात माझा मोठेपणाही होता. तुला जे दोन वर्षांत जमलं नाही ते मी करून दाखवलं, असं मला म्हणता यायला हवं होतं.

डोंगरगडच्या अलीकडे त्या लहान स्टेशनाजवळ आठवडी बाजार भरतो, तिथून मी मध आणते, तुला ठाऊक आहे. त्या मधवाल्याला मी हळूच विचारलं. तो आधी घाबरला, मग म्हणाला, पुढच्या बाजाराला या. पुढच्या बाजाराला तो मला गुरांच्या रांगेमागे घेऊन गेला आणि बारदान्याचं तोंड जरासं उघडलं. "अपने आप गिरे हे दीदी," म्हणाला, माझ्याकडे न बघता. मी बूड पाहिलं. हाड होतं, दादा. आणि हाडाला तपकिरी केस चिकटलेले होते, थोडे. वाळलेले. तो खोटं बोलतोय हे मला कळलं आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं. मी मान हलवली आणि ते पिशवीत घातलं, वरून मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या. गाडीत चारोद्याला घरी पोचेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. समोरची बाई म्हणाली, मेथी छान आहे.

ह्यांची लोखंड कापायची हेक्सॉ काढली आणि न्हाणीघरात बसून मी ते बूड कापून टाकलं. तूच शिकवलं होतंस ना बुडावरून ओळखायचं, मग बूडच नको. कागदात गुंडाळून घरामागच्या रेल्वे यार्डाच्या भिंतीपलीकडे फेकलं. पलीकडून कुत्रा भुंकत धावला. मी कानावर हात ठेवून घरात आले.

आता गोष्ट रचायची होती. मी ठरवलं, गोंदियाच्या बाजूला सासऱ्यांचं जुनं घर आहे, तिथं भिंतीवर टांगलेलं होतं, सासऱ्यांना कधीकाळी रानात सापडलेलं, आणि भिंतीला सपाट बसावं म्हणून त्यांनीच बूड कापलेलं. पण शिंग तर नवंकोरं दिसत होतं. भिंतीवर इतकी वर्षं राहिलेलं कसं दिसेल? धुरकट. मग मी पाहुण्यांचं मोठं पातेलं काढलं, चार दिवसांचा साठवलेला चहाचा चोथा टाकला, आणि शिंग उकळलं. ह्यांनी आत डोकावून विचारलं, "वीस माणसांचा चहा कावून मांडला वं?" मी म्हटलं, साडीला रंग देते. नवऱ्यालाही खोटं. रंग मात्र छान चढला. मी स्वतःवर खूष झाले, दादा. हे लिहायला नको वाटतं, पण झाले.

तुझ्या हातात दिलं तेव्हा तू आधी त्याचं वजन हातात तोललंस. अंगठा त्या खडबडीवरून फिरवलास, मग मुठीत धरलंस, आणि तुझे डोळे मिटले. "सासऱ्याची आठवण हाये, मले कावून देतं?" मी म्हटलं, घर पडायला आलंय, वाळवी खाईल. तू म्हणालास, "ऑफिसात विचारून येतो आधी, जुनं असंन तर चालते का." मी म्हटलं, "विचारलं का घेऊनच जातीन. वहिनीच्या हाताकडे पाह्य जरा." वहिनीचं नाव घेतलं आणि तू ऑफिसाचा विषय सोडलास. तुला कुठं दाबलं की तू वाकतोस हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि मी नेमकं तिथंच दाबलं. तरी तीन आठवडे तू त्याला हात लावला नाहीस. फडक्यात गुंडाळून शेडच्या फळीवर ठेवलंस.

त्या रविवारी मी आले तेव्हा तू घासायच्या मशीनच्या पट्ट्यावर त्याचं एक टोक घासून पाहिलं होतंस. तुझ्या हातात शिंग होतं, आणि वरची तपकिरी साल निघून आत पांढरंशुभ्र दिसत होतं. घासताना ते तापलं होतं आणि शेडभर वास सुटला होता. हाडाचा जळका वास, आणि त्याच्यात दुसरा एक. मला तो दारातच आला. मी चहात आलं टाकते, तेही भरपूर. चोथ्यात सगळं होतंच की.

तू शिंग नाकाशी नेलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "काय वं कुंदे, तुह्या सासऱ्याच्या भिंतीले आल्याचा वास येते का?"

तू हसत होतास. आज मला स्पष्ट दिसतं, तू हसत होतास. मी तेव्हा हसले असते, डोक्याला हात लावून "सापडली रे दादा" म्हटलं असतं, तर तू दोन शिव्या दिल्या असत्यास, वहिनीला हाक मारून सगळं सांगितलं असतंस आणि आपण जेवायला बसलो असतो. पण माझा राग, तो तर नाकाच्या शेंड्यावर. मी भडकले. तुला काय वाटलं, मी चोरटी आहे का? सासरची वस्तू जीव तोडून आणली आणि तू वास घेत बसलास? माझ्यावर भरवसा नसेल तर तोंडावर सांग. मी इतकी मोठ्यानं बोलत होते की शेजारचे भिंतीवरून पाहायला लागले. तू शिंग खाली ठेवलंस आणि एवढंच म्हणालास, "मी कुठं काय म्हटलं?" मी चप्पल घातली आणि बस पकडली. वहिनीनं डब्यात भरलेली भाजीसुद्धा घेतली नाही.

महिन्याभरानं तू आलास. गाडी फाटकाशी लावलीस, आत येऊन खुर्चीत बसलास, ह्यांच्याशी बोनस आणि बदल्यांचं बोललास. मी चहा केला. मुद्दाम आलं टाकलं नाही. तू एक घोट घेतलास आणि कप माझ्याकडे करून म्हणालास, "आलं नाही टाकलं वं आज?"

आता कळतं, की तू दार उघडून ठेवलं होतंस. इतकं उघडं, की आंधळ्याला दिसलं असतं. मला तो टोमणा वाटला. मी म्हटलं, "ज्याले माह्यावर भरवसा नाही, त्यानं माह्या घरचा चहा पिऊ नाही." हे उठून बाहेर गेले. तू कप हळूच खाली ठेवलास, अर्धा राहिला होता. "येतो," म्हणालास. बस. तेच आपलं शेवटचं बोलणं. खोटी मी, आणि भरवशाचं भाषण देणारीही मीच.

सात महिने. तुझे फोन आले, मी घेतले नाहीत. रोज ठरवायचे, रविवारी जाऊ. रविवार आला की वाटायचं, त्यानं माफी मागितली तर जाऊ. कशाची माफी, बाप्पा? चारोदा ते कुम्हारी, बस मिळाली तर वीस मिनिटं. मधे त्या बाजारात मधवाला पुन्हा दिसला. मी तोंड फिरवलं. त्यानंही. त्या सांबराचं तर मी कोणाजवळ बोलू? त्याची माफी मागायला कोणतं ऑफिस आहे?

मग एका सकाळी वहिनीचा फोन आला. तो तिचा, म्हणून मी घेतला. तेव्हा तू गेला होतास.

परवा सगळी माणसं पांगल्यावर मी आणि वहिनी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. मी म्हटलं, "वहिनी, मले काही सांगाचं हाये," आणि सगळं सांगून टाकलं. केस, हेक्सॉ, यार्डातला कुत्रा, चहाचं पातेलं. कुठं थांबले नाही. मला वाटलं, ती रागावेल. रागावली असती तर मला जरा सोपं गेलं असतं. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चाल."

शेडच्या मागे कढीपत्त्याच्या झाडाखाली एक वीट ठेवलेली आहे. "इथं पुरलं यांनी," वहिनी म्हणाली. "कुत्र्यानं उकरू नाही म्हणून वीट. तू भांडून गेली ना, त्याच्या आठ दिवसानं. पुरलं अन् एकटेच उभं राहून, हात जोडून तिसरण म्हटलं. मी दारातून पाहून राहिली होती."

मग ती आत गेली आणि तिच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. सुरी होती. मूठ शिसमची, पण शिसम वाटतच नव्हती. तू त्या लाकडावर कानशीच्या कडेनं बारीक आडव्यातिडव्या चिरा मारल्या होत्यास, उंचवटे ठेवले होतेस. शिंग पुरायच्या आधी समोर ठेवून त्याची साल लाकडात उतरवली होतीस. वहिनी म्हणाली, "पहिली माही केली. ओल्या हातातून नाही सुटत. ही दुसरी तुही." मी हातात घेतली. माझ्या पंजात ती अशी बसली की मला पेन्सिल आठवली.

"तेव्हाच कावून नाही दिली?" मी विचारलं.

"म्हणे, कुंदा स्वतःहून सांगाले आली का दे. नाही आली तर राहू दे, तिले विचारू नको." वहिनी विटेकडे बघत बोलत होती. "मी म्हटलं यांना, फोनवर सांगून टाका ना का मले मालूम हाये, भांडण तर मिटंन. तर म्हणे, मीच सांगून टाकलं तर मंग तिच्याजवळ सांगाले काय राहीन?"

दादा, सात महिने ती सुरी पेटीत होती. वीस मिनिटांवर. तू मला एवढी मोठी समजत होतास की मी येईन, आणि मी आले ती तू गेल्यावर, आणि सांगितलं ते तुझ्या पुण्यानुमोदनाला. मला तुझा राग येतो रे. एक थप्पड मारायची होतीस, ओढत न्यायचं होतंस. पण तू हात धरून कोणाकडून काही करवून घेतलंच नाहीस कधी.

वहिनीनं चहाचं आधण ठेवलं. मला म्हणाली, आलं काप. मी हात मुद्दाम ओले केले आणि तुझ्या सुरीनं आलं कापलं. ती जराही सरकली नाही. माझा कप घेऊन मी शेडमध्ये आले, तुझ्या स्टुलासमोर उभी राहिले. पट्टा बंद होता, फळीवर ते रिकामं फडकं अजून तसंच होतं. तिथं कोणी नव्हतं, तरी आपल्या बोलीत, मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू गेलं तर जावो, मी बोलली.

"दादा, माह्या सासऱ्याच्या भिंतीवर शिंग कधीच नव्हतं. मी खोटं बोलली तुह्याशी."